नाव काढलेलं गाणं

"काका, आता गाऊ नका. नुसतं बसा."

दिपेशनं असं म्हटल्यावर काकड्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा साथीदार, शेजारी वाजवायचा तारपा मांडीवर घेऊन बसलो होतो. मी काय सांगणार? गाणाऱ्याला बोलावून गप्प बसवायचं, हा प्रकार मीही पहिल्यांदाच बघत होतो.

"नुसता बसायला मी कशाला लागतो?" काकड्या म्हणाला. "माजी खाट आन इथं. ती माज्यापरीस चांगली बसते."

"तुमचा श्वास पाहिजे, काका. गाण्याच्या आधीचा."

"गान्याच्या आदी मी बिडी ओढतो."

"मग ओढा!" दिपेश खूश झाला. त्यानं बिडीचा आवाजही घेतला.

काकड्या आमच्या झरी गावचा. स्वतः गाणी रचायची आणि स्वतःच गायची, यात त्याचं आयुष्य गेलं. तलासरीपासून रानशेतपर्यंत त्याच्याशिवाय लग्न लागल्याचं कोणाला आठवत नाही. त्यानं वरचा सूर लावला की ताडावरची मडकी वेळेआधी भरायची. हे मी स्वतः पाहिलंय. खोटं वाटत असेल तर मडक्यांना विचारा. पुढे डीजे आले आणि त्याला बोलावणं बंद झालं. अशात हा दिपेश उगवला. डहाणूच्या मच्छीमाराचा मुलगा, पण होडी सोडून मुंबईत आवाजाचं शिक्षण घेऊन आलेला. आता तो मासळीऐवजी आवाज पकडायचा: सुपाचा, कोंबडीचा, खोकल्याचा. त्यांची जाळी विणायची, आणि मधेच कुठेतरी गाणं सोडायचं. "असा अल्बम अजून कोणी केला नाही," तो म्हणायचा. काकड्या मला हळूच म्हणाला, "कोनी केला नाय तर त्याला कायतरी कारन असंल ना?"

काकड्याची बायको जमना या सगळ्यावर नाराज होती. ती कसली बाई आहे, ते तिला नाव विचारलं की कळेल. तिचं नाही, नवऱ्याचं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. बहुतेक बायका नुसतं नाव टाळतात. जमनाचा नवरा पडला काकड्या, म्हणून तिनं जन्मभर काकडीचंही नाव घेतलं नाही. वाणगावच्या बाजारात ती बोट दाखवायची, "ती हिरवी, लांबडी दे." भाजीवाल्या हटकून दुधी पुढे करायच्या. "ही नाय गं, हिच्यापरीस बारकी!" मग भेंडी. सारा बाजार हसायचा. एकदा रागानं ती पडवळ घेऊन घरी आली, पण काकडी म्हणाली नाही.

घरात हाक मारायची तर "संगीच्या बापा". संगिता त्यांची मुलगी.

तर त्या साली दिवाळीपासून आमच्याकडची जमीन गुरगुरत होती. कधी भांडी वाजत, कधी भिंतीची माती पडे. लोक अंगणात ताडपत्री टाकून झोपायला लागले. जानेवारीत, भर दुपारी, दिपेशनं काकड्याच्या कुडाच्या घरात यंत्र मांडलं होतं. काकड्याच्या कानांवर मोठे हेडफोन, समोर माईक. जमना बाहेर भात पाखडत होती. आणि जमीन हलली.

नेहमीसारखी नाही. खालून कोणीतरी उखळ ओढत नेतंय, असा आवाज. दिपेश यंत्र सोडून पळाला, त्याच्या आधी मी पळालो. हंडे पडले, कोंबड्या झाडावर गेल्या. काकड्या मात्र आतच! डोळे मिटून, मान डोलवत. त्याला वाटलं, ही दिपेशची नवीन करामत. नंतर म्हणाला, "माला बरा वाटला. म्हटलं, आज पोरगा कायतरी चांगला वाजवतोय."

"संगीच्या बापा!" जमना दारातून ओरडली. कूड करकरला. "ए, संगीच्या बापा!"

आत मान डोलतच होती.

"काकड्या! भायेर निंग, काकड्या!"

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या, एवढी शांतता पडली. जमीन थांबली की काय, ते कोणालाच कळलं नाही, कारण सगळे जमनाकडे बघत होते. मग बऱ्याच वेळानं काकड्या दारात आला.

"कोनी हाक मारली?"

"मी नाय," जमना म्हणाली.

"आयकलं मी."

"मी नाय बोलली!"

पण यंत्र चालूच होतं. सगळं त्यात आलेलं. दिपेश तर नाचायचाच बाकी होता. जमिनीची गुरगुर आणि त्यावर ती हाक! तो दोन दिवस तेच वाजवत बसला. पाड्यातल्या बाया जमनाला पाण्यावर गाठून चिडवायला लागल्या, "जमने, आता काकडी कशी दिली, इचार ना!"

जमना हसली नाही. आणि त्याच आठवड्यात काकड्याला ताप भरला.

ताप साधा होता, डॉक्टरच्या गोळीनं उतरलाही. पण जमनाचं जेवण सुटलं. ती त्याच्याशी बोलेना. संगिता आली तेव्हा तिच्याजवळ रडली म्हणे, "एकदा तोंडातून गेला तो गेला. पन ता यंत्र तर रोज बोलंल. गावोगाव बोलंल. किती दिस उरतील याचे?"

काकड्यानं हे ऐकलं आणि मला घेऊन डहाणूला निघाला. दिपेशनं बापाच्या जाळ्यांच्या खोलीत स्टुडिओ केला होता. भिंतींवर जाळी, हवेत सुक्या बोंबलांचा वास.

"ती हाक काढ," काकड्या म्हणाला.

"काका, तोच तर अल्बमचा जीव आहे!"

"म्हनून तर काढ."

दिपेशनं खूप समजावलं. शेवटी म्हणाला, "बरं, अल्बममधून काढतो. तुमच्या मोबाईलमध्ये टाकून देतो. एकट्यानं ऐका. काकूंना कळणारच नाही."

काकड्या बराच वेळ मोबाईल हातात उलटासुलटा करत राहिला. मला वाटलं, आता हो म्हणेल. मी तरी म्हणालो असतो.

"एकदा लाव," तो म्हणाला.

त्यानं हेडफोन घातले, डोळे मिटले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. या वेळी त्याची मान डोलली नाही. संपल्यावर दिपेशनं विचारलं, "परत?" काकड्यानं मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. दिपेशनं परत लावलं नाही.

"पूस. कुठं पन ठेवू नको."

"पुसलं. आता दोन्हीकडचं जोडून टाकतो, म्हणजे कळणार नाही."

"जोडू नको. जागा राहू दे."

"किती?"

"तिनं हाक मारली तिथून मी भायेर आलो तवर."

"एवढा वेळ?" दिपेशनं पडद्यावर पाहिलं. "एवढा वेळ तुम्ही आत करत काय होता, काका?"

"आयकत होतो."

अल्बम निघाला. मुंबईच्या शहाण्यांनी त्या मोकळ्या जागेवरच लिहिलं. एकाला तिच्यात जंगलाचं मौन ऐकू आलं, दुसऱ्याला बुलेट ट्रेन. गाण्यानं नाव काढलं, असं संगिता म्हणाली. मी म्हटलं, काढलं खरं.

मे महिन्यात पाड्यात लग्न होतं. डीजेवाल्या लक्ष्यानं हौसेनं काकड्याचं गाणं लावलं. आधी बिडी, मग सूप, मग काकड्याचा आवाज. लोक गोंधळले, पण नाचले. मग गुरगुर सुरू झाली, तशी अर्धी मंडळी मांडवाबाहेर पळाली. आणि एकदम सगळं बंद. लक्ष्यानं यंत्रावर थापा मारल्या. वायर ओढून पुन्हा लावली. नाचणारे एक पाय उचलून तसेच उभे. पळालेले बाहेरून विचारत होते, "धक्का थांबला का? खरा होता का गान्यातला?"

जमना मांडवाच्या कडेला चटईवर बसली होती. एवढ्या महिन्यांत ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली होती. तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं, "बंद पडला वाटता तुजा गाना?"

"नाय," काकड्या म्हणाला. "चालूच हाय."

जमनानं कान दिला. तिची हाक आलीच नाही. मग पदर सावरून चटईवर जरा बाजूला सरकली, आणि काकड्या तिच्या शेजारी जाऊन बसला.