एका सुरात

“पुन्हा,” असं म्हणून वकीलबाईंनी मुलीला टेबलासमोर उभं केलं. “समज, मी न्यायाधीश आहे. त्या संध्याकाळी तू दारू प्यायली होतीस का?”

“हो,” मुलगी म्हणाली.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं, पालथ्या घड्यावर पाणी.

“अगं, हो कसलं म्हणतेस? तू काहीच बोलायचं नाहीस. बोलणार मी. तू नुसतं माझ्याकडे बघायचं.”

“आणि त्यांनी परत विचारलं तर?”

“तरी माझ्याकडेच बघायचं.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत मुलीचे मामा अवघडून बसले होते. शिवणाचं दुकान तासाभरासाठी म्हणून बंद करून आलेले. शर्टाच्या खिशाला टाचण्या तशाच लावलेल्या. आई-वडिलांच्या माघारी मुलीला त्यांनीच वाढवलं होतं.

“लहानपणापासून अशीच आहे हो ही,” ते म्हणाले. “घरात कप फुटला, की कोणी विचारायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची.”

“मामा, खटला कपाचा नाही.”

वकीलबाईंना स्वतःचाच राग आला, पण माघार घ्यायला वेळ नव्हता. विद्यार्थ्यांचे असले खटले त्या वर्षानुवर्षं चालवत होत्या आणि बहुतेक जिंकतही होत्या. कायद्याने ठरवलेलं वय भरलेलं नसताना दारू पिताना सापडलेली मुलं त्यांच्याकडे यायची, रडायची, सुटायची आणि नंतर रस्त्यात भेटली तर ओळख द्यायची नाहीत. ते ठीकच होतं. पण हातात असलेला खटला स्वतःच्या तोंडाने घालवणारं अशील म्हणजे डोक्याला ताप.

प्रकरण तसं साधं होतं. परीक्षा संपल्याच्या आनंदात वसतिगृहाच्या गच्चीवर सहाजण प्यायला बसले. त्यातला एक बेशुद्ध पडला. या मुलीने रुग्णवाहिका बोलावली, आणि तिच्या पाठोपाठ पोलीस शिपाई आला. त्या धांदलीत कोणाचीही तपासणी झाली नाही, बाटली कोणाची तेही कळलं नाही. बेशुद्ध मुलगा वाचला. त्याला कोणी काही विचारलं नाही. बाकीच्या चौघांविरुद्ध पुरावाच नव्हता. हिच्याविरुद्ध मात्र होता. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना हिने सगळं सांगितलं होतं, आणि मागे उभ्या असलेल्या शिपायाने ते टिपून घेतलं होतं.

मुलगी शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. गुन्हा शाबित झाला, की कुठलीच शाळा तिला दारात उभी करणार नव्हती.

“तू तोंड उघडलं नसतंस, तर आज इथे नसतीस,” वकीलबाई फाइल बांधत म्हणाल्या. “एवढं तरी कळतंय ना?”

मुलीने मान हलवली. कळतंय असं की नाही असं, ते काही त्यांना समजलं नाही.

न्यायालयातला पंखा कुरकुरत होता. शिपायाची साक्ष झाली आणि डॉक्टर पिंजऱ्यात येऊन उभे राहिले. रात्रपाळी करून तसेच आलेले दिसत होते. वकीलबाई उलटतपासाला उठल्या. काय वदवून घ्यायचं ते त्यांच्या मनात पक्कं होतं. मुलगी घाबरलेली होती, भांबावलेली होती, आणि अशा अवस्थेतलं बोलणं धरायचं नसतं.

“डॉक्टर, तुम्ही पोचलात तेव्हा ही मुलगी काहीतरी असंबद्ध बोलत होती ना?”

“नाही. उलट गच्चीवर नीट बोलणारी तीच एकटी होती.”

“घाबरलेली तर असेल?”

“पुष्कळ. पण काय घेतलं, किती घेतलं आणि त्या मुलाने आधी झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या, हे तिनेच सांगितलं. गोळ्यांचं कळलं नसतं तर तो हातचा गेला असता.”

इथे थांबायला हवं होतं. पण हातातला धागा निसटल्यावर माणूस चाचपडतो, तशा त्या पुढे विचारत्या झाल्या.

“तिथे आणखी चौघं होते. त्यांनी काय सांगितलं?”

डॉक्टरांचा चेहरा आंबट झाला. “तिच्या आधी मी त्यांनाच विचारलं. ही आम्हाला आणायला खाली फाटकाशी गेली होती, मी जिन्यावरून पुढे पळालो. मित्र पायाशी पडलेला, आणि चौघं एका सुरात म्हणाले, ‘आम्ही नम्रपणे सांगतो, वकिलांशिवाय आम्ही एक अक्षरही बोलणार नाही.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शाळेतली प्रार्थना म्हणावी तसं.”

न्यायालयात कोणीतरी हसलं. ते वाक्य वकीलबाईंचं होतं. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर महाविद्यालयात त्यांचं भाषण असायचं, आणि शेवटी त्या अख्ख्या सभागृहाकडून ते वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यायच्या. ‘नम्रपणे’ हा शब्दही त्यांचाच. मुलं हसायची, टाळ्या वाजवायची. पोलिसांनी विचारलं तर, असं त्या सांगायच्या. डॉक्टरांबद्दल कधी काही सांगितल्याचं त्यांना आठवेना.

“वकीलबाई?” न्यायाधीश म्हणाले.

वकीलबाईंनी टेबलाची कड धरली. “डॉक्टर, तुम्ही तिला हे सगळं कशासाठी विचारलंत?”

“उपचारासाठी. दुसरं कशासाठी?”

“पोलिसांना देण्यासाठी नाही?”

“मुळीच नाही.”

मग त्या न्यायाधीशांकडे वळल्या. रोग्याचा जीव वाचवायला डॉक्टरांना सांगितलेलं शिपायाने मागून ऐकून वापरायचं नसतं, एवढंच त्या म्हणाल्या. एरवी त्या लांबण लावायच्या. आज एवढं बोलून खाली बसल्या.

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. त्यांच्यापाशी दुसरा पुरावा नव्हता. मुलगी सुटली.

बाहेर व्हरांड्यात मामांनी डोळे पुसले आणि हात जोडले. “बाई, तुमच्यामुळे पोरीचं आयुष्य मार्गी लागलं.”

वकीलबाईंनी मुलीकडे पाहिलं. काही केल्या विचारल्याशिवाय राहवेना.

“ते चौघं बोलले नाहीत. मग तू कशी बोललीस?”

मुलगी ओशाळली. “ते पण मला तेच म्हणतात. तुला बाईंचं ऐकता आलं नाही का, म्हणून. पण पहिल्या आठवड्यात मला गोवर आला होता, मी घरी होते. तुमचं भाषण मी ऐकलंच नाही.” मग घाईघाईने म्हणाली, “ऐकलं असतं तर मीपण गप्प बसले असते. खरंच.”

“चूक झाली, बाई,” मामा म्हणाले. “यंदा तुमचं भाषण असेल तेव्हा मी स्वतः येऊन हिला पहिल्या रांगेत बसवतो.”

“नको,” वकीलबाई म्हणाल्या.

मामांना वाटलं, बाईंचा राग अजून गेलेला नाही.