तबकडी आणि आकाशातली म्हातारी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. जेवायच्या ताटासारखी दिसते, पण माझ्यात तुमचं अख्खं घर मावेल. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲलिस स्प्रिंग्स गावाबाहेर, तांबड्या मातीत लोखंडी पायावर मी उभी आहे. पृथ्वीची चित्रं टिपत फिरणारे उपग्रह डोक्यावरून गेले की मी मान वळवत त्यांच्या मागे जाते आणि ते काय सांगतात ते ऐकून घेते. ऐकणं एवढंच माझं काम. बोलता मला येत नाही, आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी काळजी त्यामुळेच उभी राहिली.

माझा जन्म ॲडलेडच्या कारखान्यात झाला. माझ्या पाकळ्या ट्रकवर लादून इथे आणल्या आणि एकेक करून जोडल्या. सुरुवातीची वर्षं फार मानाची होती. नदीला पूर आला की माझ्याकडून आलेलं चित्र बघून माणसं गुरं हलवायची. रानात वणवा पेटला की तो कुठे वळलाय ते मीच आधी ऐकायचे. माझ्या वाढदिवसाला केक कापला जायचा. माझ्या काठावर गुलाबी काकाकुवे येऊन बसायचे आणि तारा कुरतडायचे, तेवढाच काय तो त्रास.

मला जपणारी इंजिनिअर होती मर्ना विटकॉम. तिचा नवरा रसेल इथला प्रमुख. त्याला सगळे रस म्हणायचे. मर्नाची एक सवय होती. माझ्या ताटासमोर बसवलेल्या कानाला कुणीही हात लावला, साधा स्क्रू जरी फिरवला, तरी काम संपल्यावर ती मला एका जुन्या उपग्रहाकडे वळवायची. त्या उपग्रहाचं काम केव्हाच संपलं होतं. त्याला कुणी काही विचारत नव्हतं, तरी तो फिरत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता. मर्ना त्याला म्हातारी म्हणायची.

"झाल्या का मैत्रिणीशी गप्पा?" रस दारातून विचारायचा.

"झाल्या. तुझी चौकशी करत होती. म्हणाली, अजून तसाच उतावळा आहे का?"

मग मर्ना आजारी पडली, आणि एका हिवाळ्यात गेली. त्याच सुमारास माझं कामही कमी झालं. नव्या, चपळ तबकड्या सगळीकडे उभ्या राहिल्या होत्या. माझा रंग उडाला, सांध्यांतलं वंगण सुकलं. रस कचेरीतले पडदे ओढून बसायचा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

तेवढ्यात एक नवी मोहीम आली. धुरातूनही वणवा बघू शकेल असा उपग्रह दुसऱ्या शहरात तयार होत होता. तो उडेल त्या दिवशी त्याचं ऐकायला जमिनीवर सगळं तयार हवं: कान, तारा, संगणक आणि त्यांच्यापुढे बसणारी माणसं. ही जमिनीची बाजू उभी करायचं काम रसकडे आलं. कॅनबेरातला त्याचा वरिष्ठ गॅविन म्हणाला, जुनी तबकडी नको, बाहेरचं केंद्र भाड्याने घेऊ. रस अडून बसला. शेवटी गॅविनने अट घातली. उपग्रहाची पहिली फेरी या तबकडीने नीट ऐकली तर ती राहील. चुकली तर भंगारात जाईल आणि केंद्राला कुलूप लागेल.

मला नवा रंग मिळाला, नवं वंगण मिळालं आणि नवा कान मिळाला. आणि तिथेच चूक झाली.

मित्रांनो, उपग्रहाचा आवाज सरळ येत नाही. तो दोरीसारखा पीळ घेत येतो. कधी उजवा पीळ, कधी डावा. माझ्या नव्या कानाला दोन भोकं होती, एक उजव्या पिळासाठी, एक डाव्यासाठी. उपग्रह उजव्या पिळाने बोलणार होता, म्हणून तार उजव्या भोकाला जोडली. पण आवाज आधी माझ्या ताटावर आदळतो आणि मग उलटून कानात शिरतो, आणि उलटताना उजवा पीळ डावा होतो. आरशात तुमचा उजवा हात डावा दिसतो, तसंच. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मला मात्र पहिल्या दिवशीच कळलं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

तालमी सुरू झाल्या. समोरच्या डोंगरावर चाचणीसाठी संदेश पाठवणारं एक शिंग बसवलेलं आहे. ते उपग्रहाचं सोंग घेऊन बोलायचं, मी ऐकायचे, संगणकावर चित्र उमटायचं. प्रत्येक तालीम पास. कारण ते शिंग पीळ न देता, सरळ बोलतं, आणि सरळ बोलणं दोन्ही भोकांना ऐकू येतं. जो तो खूश होत होता, आणि चूक जागच्या जागी राहत होती.

मग फीत बांधायचा दिवस उजाडला. उड्डाणाच्या आधी एका तारखेपासून कुणीही कशालाही हात लावायचा नाही. प्रत्येक कपाटाला लाल फीत बांधतात. फीत सोडली तर केलेल्या सगळ्या तालमी बाद, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पायातल्या दाराला रसने स्वतः फीत बांधली. गाठ मारून ती त्याने दोनदा ओढून बघितली.

दुसऱ्या दिवशी सगळे माझ्या सावलीत चहाला बसले. डूगल, जो माझ्यावर चढून दुरुस्त्या करतो, त्याने पावात सॉसेज घालून वाटले. संगणकाचं सगळं बघणारी टेगन म्हणाली, "एकही तालीम नापास नाही. बॉस, आता तरी हस."

"नको सांगू त्याला," डूगल म्हणाला. "सवय नाही. चेहऱ्याला तडा जाईल."

रस हसला नाही. त्याने सॉसेज तसाच हातात धरला होता, माश्या बसत होत्या. जरा वेळाने तो म्हणाला, "मर्ना काम झाल्यावर काय करायची?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिचं नाव तो घेत नसे.

"म्हातारीला ऐकायची," डूगल म्हणाला.

"आपण ऐकलं?"

"वेळापत्रकात म्हातारी नाहीये, रस," टेगन म्हणाली.

"मर्ना गेल्यावर तूच काढलीस ना, रस," डूगल हळूच म्हणाला. "आम्ही विचारलं नाही. म्हटलं, तुला त्रास होत असेल."

रसने गॅविनला फोन लावला. मला वळवायचं म्हणजे संगणकात म्हातारीची वाट भरायची, म्हणजे फीत सोडायची. गॅविनचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला.

"काही बिघडलंय का?"

"माहीत नाही."

"मग कशाला? सगळं पास आहे. आता फीत सोडलीस आणि तालमी वेळेत झाल्या नाहीत, तर उड्डाण तुझ्यासाठी थांबणार नाही. पहिली फेरी मी भाड्याच्या केंद्राला देईन. पुढचं तुला माहीत आहे."

"माहीत आहे," रस म्हणाला, आणि बाहेर येऊन त्याने गाठ सोडली.

म्हातारी दक्षिणेकडच्या टेकड्यांवरून वर आली. मी तिच्या मागे मान वळवली. ती नेहमीसारखी उजव्या पिळाने पुटपुटत होती, पण मला मधे भिंत असल्यासारखं अस्पष्ट ऐकू येत होतं. संगणकाचा पडदा कोराच राहिला. म्हातारी उत्तरेला उतरून गेली.

टेगन हळू आवाजात म्हणाली, "फार वर्षं झाली तिला. गेली असेल रे."

रसचा चेहरा उतरला. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "असेल," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

डूगलने मात्र फोन उचलला. त्याची मेहुणी टास्मानियातल्या केंद्रात कामाला होती. "अगं, ती जुनी म्हातारी आत्ता तुमच्यावरून गेली असेल. ऐकू आली का?" तो ऐकत राहिला. मग त्याने फोन खाली ठेवला. "जिवंत आहे. म्हणे, अखंड बडबडत होती. बहिरे आपण आहोत."

 टेगन उठून बाहेर आली आणि माझ्या ताटाकडे बघत उभी राहिली. नव्या रंगाची चमक होती. बघता बघता तिने कपाळावर हात मारून घेतला.

"आरसा," ती म्हणाली. "हा आरसा आहे. उजव्याचं डावं होतं. आणि ते डोंगरावरचं शिंग बिचारं सरळ बोलत राहिलं."

डूगल वर चढला. एक तार एका भोकातून काढून शेजारच्या भोकाला लावली, एवढंच काम. पण तालमी सगळ्या नव्याने करायच्या होत्या. सुट्ट्या गेल्या. टेगनने लग्नाचं एक आमंत्रण टाळलं. रस माझ्या पायाशी येऊन घड्याळ बघायचा आणि परत जायचा. शेवटची तालीम उड्डाणाच्या आदल्या दुपारी पार पडली. फीत पुन्हा बांधली तेव्हा गाठ डूगलने मारली.

नवा उपग्रह उडाला, आणि सकाळच्या उन्हात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर आला. मी घाबरले होते, मान वळवताना माझा सांधा करकरला. आणि मग तो बोलला, मोठ्याने, स्पष्ट. आत कुणीतरी टेबलावर थाप मारली. रस बाहेर आला. त्याने माझ्या लोखंडी पायावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. एखादी वस्तू दुरुस्त केलीत तर तिला तुम्हीच ठरवलेला सोपा प्रश्न विचारून थांबू नका. तिला तिचं खरं काम करायला लावा आणि मग बघा. आम्ही बिघडलो तरी आम्हाला सांगता येत नाही. आणि ज्यांचं काम संपलंय, त्यांच्याकडेही अधूनमधून मान वळवत जा.

रस आता दर महिन्याला म्हातारीला ऐकतो. वेळापत्रकात तिची ओळ परत आली आहे. मागच्या महिन्यात ती वर आली, पण काहीच बोलली नाही. टेगनने माझी तार न् तार तपासली. डूगलने टास्मानियाला फोन केला. तिथेही शांतता होती.

"आपलं काही चुकलं नाही," टेगन म्हणाली. "या वेळी ती खरंच गेली, रस."

"हो," रस म्हणाला. "तबकडी थांबवू नकोस. जाऊ दे तिला पलीकडे."

मग मी मान वळवत राहिले, ती उत्तरेच्या टेकड्यांमागे दिसेनाशी होईपर्यंत.