शिवणीच्या आत राखलेलं कापड

मी एक जुना बुनाड आहे, मित्रांनो. काळा लोकरी घागरा, त्यावर बिनबाह्यांची लाल चोळी, पांढरं एप्रन आणि गळ्याशी चांदीची पिन, एवढाच माझा संसार. आमच्या फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, गावात मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल करायच्या तिच्या दीक्षेचा दिवस ठरला, की माझ्यासारखा एखादा पोशाख तिच्या अंगावर चढतो. मग सणासुदीला जन्मभर तो तिची साथ करतो. मी स्वभावाने जरा ताठ आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोकरीचा आहे ना, टोचणारच. शिवाय एका गोष्टीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तीच तुम्हांला सांगायची आहे.

साठेक वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात आस्लाउग नावाच्या मुलीसाठी तिच्या आईने मला शिवलं. शिवताना तिने चोळीच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत चांगली चार-चार बोटं माया ठेवली. "पोर वाढायची आहे अजून," ती म्हणाली. "कापडाचं काय जातंय आत राहायला?" आमच्याकडे सगळे बुनाड असेच शिवतात. अंग भरतं, बाळंतपणं होतात, वय होतं. शिवण उसवायची, थोडं कापड सोडायचं आणि पुन्हा शिवायचं. त्यात लाजण्यासारखं कुणाला कधी काही वाटलं नाही.

आस्लाउग चांगली धडधाकट मुलगी होती. सफरचंदांनी भरलेली पेटी एकटी उचलायची, वडिलांबरोबर होडी वल्हवायची आणि जेवायला बसली की बटाट्याचं पातेलं स्वतःकडे ओढायची. दीक्षेच्या दिवशी माझे पाचही हूक तिच्या पोटावर घट्ट बसले, पण बसले. दुसऱ्या आठवड्यात ती शहरात जाऊन फोटो काढून आली. फोटो घरी आला तेव्हा तिची आई हसत सुटली.

"अगं बाई, ही कोण पाहुणी? त्या फोटोवाल्याने सुरीने तासलंय की काय तुला?"

खरंच तासलं होतं. त्या काळी फोटोवाले फिल्मवर बारीक सुरी चालवायचे. कुणाची हनुवटी कमी करायचे, कुणाच्या सुरकुत्या पुसायचे. फोटोतली आस्लाउगची कंबर मुठीत मावेल एवढी झाली होती. आई हसली, पण आस्लाउग हसली नाही. तिने फोटो चौकटीत घालून बैठकीच्या भिंतीवर लावला. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय कंबर होती हो तुमची!" आणि ती मूग गिळून गप्प बसायची. मित्रांनो, त्या कंबरेवर मी बसलोच नव्हतो. पण कापडाला कोण विचारतं?

पुढे तिची मुलगी बेरित पंधराची झाली. बेरित अगदीच काटकुळी होती. आस्लाउगने मला तिच्या मापाला आत घेतलं, आणि बेरितच्या दीक्षेनंतर मी तसाच पेटीत गेलो. तिच्या लग्नाला सुद्धा मला कुणी काढलं नाही. वर्षानुवर्षं मी कापराच्या वासात पडून होतो. त्या काळातलं सांगण्यासारखं काही नाही.

मग आली टिरिल, बेरितची मुलगी. ती पंधराची होत आली आणि मे महिन्यात तिची दीक्षा ठरली, तेव्हा ख्रिसमसनंतर लगेच मला पेटीतून बाहेर काढलं. आस्लाउगआजी अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहायची, ती मुद्दाम बघायला आली. टिरिलने मला अंगात घातलं. हूक लावायला गेली, तर दोन्ही कडांमध्ये चार बोटांचं अंतर.

"ख्रिसमसचे केक बोलतायत बघ!" बेरित हसून म्हणाली. तिला वाटलं, गंमत आहे. माझ्या कापडाखाली पोरीने श्वास रोखून धरला, तो फक्त मला कळला.

"जरा उसवायला टाकू या का गुड्नी शिंपिणीकडे?" बेरितने विचारलं.

"नको!" टिरिल म्हणाली. "आजीला बसला होता ना? मग मलाही बसायला हवा."

आता आजीने खरं सांगावं, म्हणून मी धागा न् धागा ताणून वाट बघत होतो. तिच्याच हाताने मला आत घेतलेलं, तिला सगळं ठाऊक होतं. आजीने एकदा भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"बसेल गं," ती म्हणाली. "मे महिना लांब आहे अजून. मला नाही का बसला?"

त्या एका वाक्याचा राग माझ्या मनात आहे.

टिरिलने मला स्वतःच्या खोलीतल्या कपाटात टांगलं. रोज शाळेतून आली की दार लावून मला अंगात घालायची आणि हूक लावून बघायची. काही दिवसांनी पहिला हूक लागला, मग दुसरा. तुम्हांला वाटेल, मला बरं वाटलं असेल. मला घाम फुटला होता. कारण रोज आई तिला डब्याचं पुडकं द्यायची, पावाच्या तुकड्यांवर तपकिरी चीज घालून कागदात गुंडाळलेलं. तेच पुडकं संध्याकाळी तसंच्या तसं माझ्या पायाशी, कपाटाच्या तळाशी, बुटांच्या मागे जायचं. आधी एक, मग ढीग. बुरशीचा वास माझ्या घागऱ्यात शिरू लागला. आयुष्यभर मी उंदरांना घाबरलो, पण तेव्हा मनापासून वाटलं, एखादा उंदीर यावा, त्याने खडबड करावी आणि कुणीतरी हे दार उघडावं.

कधी ती आरशासमोर उभी राहून फोनवर स्वतःचा फोटो काढायची. मग पलंगावर बसून बोटाने त्या फोटोतली कंबर दोन्हीकडून आत ढकलायची. साठ वर्षांपूर्वीच्या सुरीचं काम आता बोट करत होतं, आणि तेही घरबसल्या. तो फोटो ती मैत्रिणींना पाठवायची, लगेच टिंगटिंग वाजायचं. क्षणभर चेहरा उजळायचा. मग आरशात बघायची आणि पुन्हा विझायची.

एप्रिल उजाडला. पाचही हूक लागले. मी हुश्श केलं. आता तरी ही पोर चार घास खाईल! पण टिरिलने आरशात पाहिलं, पोटावर हात दाबला आणि पुटपुटली, "अजून किती जाड दिसतेय मी." मित्रांनो, मी तिच्या अंगावर होतो. माप माझ्याइतकं कुणाला कळणार? माझ्या आत आता दोन बोटं मोकळी जागा होती, तिच्या बरगड्या माझ्या अस्तराला टोचत होत्या, आणि आरशातली मुलगी तिला मात्र वेगळीच दिसत होती. ओरडून सांगावंसं वाटलं, पण हुकांना कुठे तोंड असतं?

दीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा शेवटचं घालून बघायला सगळ्या जमल्या. "अगं वा! बसला की!" बेरित टाळ्या वाजवत म्हणाली. "आजीसारखीच दिसतेस!" टिरिल हसली, ओठ पांढरे पडले होते. आजीने तिला कौतुकाने जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. तो हात खांद्याच्या हाडाशी येऊन थांबला. परत खाली गेला, परत थांबला.

"टिरिल, बाळा, जेवतेस ना?"

"जेवते की."

एप्रन ठेवायच्या निमित्ताने आजी कपाटापाशी गेली आणि नाकाला काय जाणवलं कोण जाणे, गुडघे धरत खाली वाकली. बूट बाजूला सारले. कागदी पुडकी एकामागून एक जमिनीवर येऊ लागली. काही हिरवी पडली होती. बेरितने तोंडावर हात ठेवला. "हे मी... हे सगळे डबे मी रोज सकाळी..."

"मग काय करायचं होतं?" टिरिल ओरडली. "तूच म्हणालीस केक बोलतायत! आजीची कंबर बघा, आजीची कंबर बघा, जन्मल्यापासून ऐकतेय मी. तिला बसला आणि मला नाही, म्हणजे मीच ना जाडी?"

आजी तशीच जमिनीवर बसून होती. मग म्हणाली, "बेरित, कात्री दे. तू हा काढ, बाळा, आणि इकडे दे माझ्याकडे."

तिने मला मांडीवर उलटं केलं. शिवण बरोबर धरली आणि कचकच उसवत गेली. आतलं कापड उजेडात आलं, पहिल्या दिवसाइतकं लालभडक. त्यावर सुईच्या जुन्या भोकांच्या रांगा होत्या.

"ही रांग बघ. ही तुझ्या आईची. काडीसारखी होती, म्हणून मी आत घेतला. आणि ही..." तिने बोट बरंच बाहेर नेलं. "ही माझी. पंधराव्या वर्षीची. तुझ्या ख्रिसमसच्या मापापेक्षा बाहेरच आहे, कर अंदाज. फोटोतली कंबर माझी नाही. फोटोवाल्याने सुरीने कापली ती."

"आई!" बेरित म्हणाली. "इतकी वर्षं?"

"लोक वा वा करायचे. छान वाटायचं गं." आजीने उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "जानेवारीत सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हातारी झाले, तरी नाही सांगवलं."

तुम्हांला वाटेल, टिरिल आजीच्या गळ्यात पडली. नाही पडली. "म्हणजे मी हे सगळं कशासाठी केलं?" असं म्हणून तिने मला हिसकावलं आणि कोपऱ्यात भिरकावलं. दाराकडे धावली आणि उंबऱ्यातच तिचे गुडघे दुमडले. बेरितने तिला वरच्यावर धरलं. मी कोपऱ्यात उलटा पडून दारातून जाणारे पाय तेवढे बघितले. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या मे महिन्यात दीक्षा झाली नाही. सतरा तारखेला, आमच्या राष्ट्रीय सणाला, रस्त्यावरून बँड वाजत गेला, गावचे सगळे बुनाड मिरवत गेले, आणि मी अर्धवट उसवलेला पेटीत पडून होतो. टिरिल इस्पितळात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळ लागेल, आणि लागलाच. घरी आल्यावरही एकेका बटाट्यावरून घरात रडारड व्हायची. आजीने एक दिवस येऊन भिंतीवरचा फोटो उतरवला. त्या जागी फिकट चौकोन तेवढा राहिला. शरदात टिरिल स्वेटर घालूनच चर्चमध्ये गेली आणि दीक्षा घेऊन आली. मला कुणी विचारलं नाही. गुड्नी शिंपिणीने पुढे कधीतरी मला अंदाजाने शिवून ठेवलं.

पुढच्या वर्षी सतरा मेच्या आदल्या दिवशी पेटीचं झाकण उघडलं. टिरिल होती. तिच्या मागे बेरित आणि आजी, दोघींचेही जीव मुठीत. तिने मला अंगात घातलं. अंग गरम होतं, बरगड्या लागत नव्हत्या. पण कडा जुळेनात. पुन्हा दोन बोटांचं अंतर.

टिरिलची बोटं हुकावर तशीच थांबली. तिने आरशात पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून ती जुनी सावली सरकली. मी ओळखली ती. आता ही मला कपाटात टांगणार आणि दार लावून घेणार, असं मला वाटलं.

"आजी," ती म्हणाली. "आत अजून कापड आहे ना?"

"आहे की. भरपूर आहे."

"मग कात्री दे. मी उसवते."

तिने स्वतः उसवलं, आजीने दोरा ओवला, आणि मी तिच्या मापाचा झालो. दुसऱ्या दिवशी ती मिरवणुकीत चालली. माझ्या दोन्ही बाजूंना ताज्या लाल कापडाचा एकेक पट्टा उठून दिसत होता, जुन्या फिकट लालपेक्षा वेगळा. मैत्रिणींनी विचारलं तर ती म्हणाली, "सोडलंय थोडं. मी वाढले ना!" मग बंदरावर तिने सॉसेज घेतलं, सावकाश, अर्ध्यावर एकदा थांबून, पण पूर्ण खाल्लं, आणि मोहरीच्या चटणीचा एक मोठा थेंब माझ्या छातीवर पडला.

मित्रांनो, कापड उसवता येतं, सोडता येतं, पुन्हा शिवता येतं. त्यासाठीच ते आत राखलेलं असतं. माणसाला मात्र कात्री लावू नका, फोटोतही नाही आणि थट्टेतही नाही. माझी निगा राखा, कापूर घाला, वर्षातून एकदा ऊन दाखवा. फक्त तो मोहरीचा डाग काढू नका. बेरितने काढायला घेतला होता, पण टिरिलने तिचा हात धरला.