सपना इराणच्या किनाऱ्यावर

मार्चमधल्या एका संध्याकाळी बायकोच्या फोनवर आलेला मेसेज मिथुनने वाचला. ‘सपना आज कच्छला मुक्कामी. तब्येत झकास.’ पाठवणारा चैतन्य होता. सपना मात्र दिंडोशीच्या घरात, मिथुनच्या डोळ्यांसमोर भाकरी थापत होती.

मेसेजमधली सपना म्हणजे एक कुरव, लोक ज्याला सीगल म्हणतात तो पक्षी. थंडीत असे पक्षी उत्तरेकडून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. चैतन्य त्यांच्या प्रवासाचा अभ्यास करायचा आणि शाळेत भूगोल शिकवणारी सपना रविवारी त्याच्या मदतीला जायची. जानेवारीत त्यांनी एक मोठी मादी पकडली, तिच्या पाठीवर उन्हावर चालणारा इवलासा ट्रान्समीटर बांधला आणि तिला नाव दिलं सपना.

हे नाव का ठेवलं, असं मिथुनने बायकोला विचारलं होतं. “ठेवलं नाव, त्यात काय,” असं म्हणून ती आंघोळीला निघून गेली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मिथुन गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटचं काम करायचा. सेटवर नायिकेच्या चेहऱ्यावर उजेड कसा पाडायचा, हे त्याला नीट माहीत होतं. रोज संध्याकाळी फोन वाजला की आपल्या बायकोचा चेहरा कुठल्याही दिव्याशिवाय उजळतो, हेही त्याच्या नजरेतून सुटत नव्हतं. सपना गुजरात ओलांडते, सपना रात्री वाळूत झोपते, सपना वारा बघून निघते. आणि हे सगळं दुसराच पुरुष कळवतो. सपनाशी बोलताना चैतन्य तिला नेहमी मॅडमच म्हणायचा. पण मिथुन ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

चैतन्यला कुठेतरी चुकीत पकडायचंच म्हणून तो चोरून वाचायला लागला. सेटवर शॉट लागेपर्यंत लाइटच्या पेटीवर बसून मोबाइलवर वाचायचा. समुद्री पक्षी दिवसा सूर्यावरून आणि रात्री ताऱ्यांवरून दिशा धरतात. पृथ्वीचं चुंबकत्वही त्यांना कळतं, असं म्हणतात. आणि वास. काही शास्त्रज्ञांनी कुरवांना त्यांच्या वाटेपासून लांब नेऊन सोडलं. ज्यांना वास येत होता त्यांनी चूक ओळखून मार्ग सुधारला. ज्यांची वासाची नस कापली होती त्यांना ते जमलं नाही. हे वाचताना आपण चैतन्यला विसरलो, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचाही त्याला राग आला.

एप्रिलमध्ये गोरेगावच्या एका वाचनालयात चैतन्यचं भाषण होतं. येतोस का, असं सपनाने मिथुनला सहज विचारलं आणि तो लगेच तयार झाला. भाषण संपल्यावर मिथुन उभा राहिला. पाखराच्या पाठीवर ओझं बांधायचं आणि मग ते वाट कशी शोधतं ते बघत बसायचं. ते मेलं तर जबाबदार कोण, असं त्याने विचारलं. सपना खाली मान घालून बसली होती.

“मी,” चैतन्य म्हणाला. “वजन फार कमी ठेवतो. पण काही झालं तर जबाबदार मीच.”

मिथुनला भांडण हवं होतं. ते काही मिळालं नाही.

त्यानंतर आठवडाभरात पक्ष्याचा सिग्नल बंद पडला. शेवटची जागा इराणच्या किनाऱ्यावरची होती. सपनाने स्टुडिओत फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. संध्याकाळी मिथुन गरम जिलब्या घेऊन घरी आला. सेटवर कुणाचा तरी वाढदिवस होता, असं त्याने सांगितलं.

सपनाने पुडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तुला बरं वाटलं ना रे?” तिने शांतपणे विचारलं.

त्याला नाही म्हणता आलं नाही. जिलब्या तशाच राहिल्या. सपना आत जाऊन वह्या तपासत बसली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो वर्सोव्याला गेला. चैतन्य मढला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळ दुर्बीण घेऊन बसला होता. शेजारी बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. माझ्या बायकोचं नाव त्या पाखरावरून काढा, असं मिथुनने त्याला सरळ सांगितलं.

चैतन्य गोंधळला. “नाव मी नाही दिलं. मॅडमनीच मागितलं होतं. म्हणाल्या, मला जायला नाही मिळालं, निदान माझ्या नावाचं कुणीतरी जाऊ दे.”

तिला कुठे जायचं होतं ते मिथुनला विचारावं लागलं नाही. लग्नाआधी सपनाला गोव्यात समुद्रविज्ञान शिकायला प्रवेश मिळाला होता. लग्न पुढे ढकलायचं का, असं तिने एकदा विचारलं होतं. बुलढाण्याची घरची मंडळी काय म्हणतील, असं तो म्हणाला होता. तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि त्याला वाटलं की विषय मिटला.

घरी जाताना रिक्षात त्याला हलकं वाटायला हवं होतं. चैतन्यचा तर प्रश्नच उरला नव्हता. पण पोटातली आग तशीच होती. आता ती त्या पाखरावर होती, जे त्याच्या बायकोचं नाव घेऊन तिला हव्या असलेल्या वाटेने निघून गेलं होतं.

रात्री जेवताना चैतन्यला भेटल्याचं त्याने सांगून टाकलं. ती आधी चिडली. मग ताटं मोरीत ठेवून परत येऊन बसली.

“अजून जावंसं वाटतं?” त्याने विचारलं.

“वाटतं. आणि तुला सोडून नाही जायचं. दोन्ही एकदम वाटतं, मिथुन. ते तुला कधी सांगताच आलं नाही.”

मे महिन्यात सिग्नल परत आला, पार कॅस्पियन समुद्राकाठून. मधले दिवस ती मादी कुठे होती, हे कुणालाच कळलं नाही. सपनाने नकाशावर बोट ठेवून त्याला जागा दाखवली, आणि मिथुनने तिला वासाच्या नसेचा तो प्रयोग सांगितला. हे तुला कसं माहीत, असं तिने विचारलं तेव्हा त्याने तेही खरं खरं सांगितलं. सिग्नल गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

डिसेंबरात कच्छच्या किनाऱ्यावर पक्षी मोजण्याचं शिबिर होतं. सपनाने शाळेत रजेचा अर्ज दिला आणि मग घरी सांगितलं. परवानगी मागितली नाही. बोरिवलीला हायवेवर बस सुटायची तिथे मिथुन तिची बॅग घेऊन गेला. बसपाशी चैतन्य उभा होता, आणखी चार-पाच जण होते, सगळे हसत होते. मिथुनला पुन्हा तोच हेवा वाटला. त्याने बॅग डिकीत नीट लावली, चैतन्यशी हात मिळवला आणि सपनाला स्वेटर जवळच ठेव म्हणून सांगितलं, कारण तिकडे रात्री थंडी असते.