कुलूप असेल तर पुढचे दार

मी एक पितळी कुलूप. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात शेषेरावांनी मला पारखून घेतले आणि आपल्या दगडी घराच्या दाराला लावले. तेव्हा मला फारसे काम नसे. घरात सदैव कोणीतरी असे.

मग भूकंप झाला. दगडी भिंतींखाली शेषेराव गेले, त्यांचा मुलगा गेला. ढिगारा उपसताना मी त्यांच्या पत्नीच्या, सिंधूच्या हाती लागलो. तिने मला पत्र्याच्या निवाऱ्याला लावले.

मजुरीला जाताना ती लहानग्या लेकीला, दीपमालेला, आत ठेवी आणि मला बाहेरून लावी. शेजारच्या तुळजाबाई रागावत.

"अगं, लेकराला कोंडून काय ठिवतीस?"

"पत्रा हाय, मावशी. पडला तरी लेकरू मरत न्हाई. त्या दगडांकडं खेळाया गेली, मंग?"

तुळजाबाई आपल्या दाराकडे वळत.

त्या वर्षी मुलांचे डोळे जाऊ नयेत म्हणून वस्तीत अ जीवनसत्त्वाचा डोस पाजण्यात आला. पथक माझ्यापर्यंत आले, मला पाहिले आणि पुढे गेले. सिंधू परतली, तोवर त्यांची जीप निघून गेली होती.

औषध किती मुलांपर्यंत पोहोचले, हे पाहण्यासाठी पुढे दुसरे पथक आले. त्यातील श्रद्धा माझ्यासमोर थबकली. आतून आवाज आला, "आई न्हाई घरी."

"सर, आत मूल आहे."

तिचे वरिष्ठ आलोक उन्हाने त्रासले होते. "कुलूप म्हणजे घर बंद. त्याऐवजी पुढचं दार घ्यायचं, असा नियम आहे."

पुढचे दार तुळजाबाईंचे. त्यांच्या नातवाने डोस घेतलेला होता.

"आमाला काय इचारता? आमी तर घरीच हाव. त्या कुलपाआडच्या लेकराला इचारा की, साहेब!"

साहेब हसले आणि चालू लागले. वस्तीतील जवळजवळ सर्व मुलांना औषध मिळाल्याचे जाहीर झाले; म्हणून राहिलेल्यांसाठी ठरलेली फेरी रद्द झाली.

पावसाळ्यात दीपमालेला गोवर आला. त्यानंतर दिवेलागणीच्या वेळी ती भाकरी चाचपून शोधू लागली. सिंधूला तो अशक्तपणा वाटला. तिने मुलीला लातूरला नेले, तेव्हा दोन्ही बुबुळे पांढरी पडली होती.

"चमचाभर औषध वेळेवर पोटात जायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. पदराच्या गाठीतली माझी किल्ली सिंधूने मुठीत आवळली.

आज लातूरच्या गल्लोगल्ली शिकवणी वर्गांच्या पाट्या आहेत. सिंधू तिथल्या मुलांचे डबे करते. मी तिच्या धान्याच्या खोलीला असतो. किल्ली दीपमालेकडे असते. परवा डबा न्यायला आलेल्या मृण्मयीने तिला विचारले, "ताई, न बघता कुलूप कसं उघडता हो?"

"लई दिवस आतून ऐकलंय ह्याला," दीपमाला म्हणाली. "वळखते."

दार बंद आहे, एवढेच मी सांगत असतो. घर रिकामे आहे, असे मी कधीही सांगितले नव्हते. माझ्यासमोर याल, तेव्हा एकदा हाक मारा. आतून उत्तर आले, तर संध्याकाळी पुन्हा या.