दोन डाव्या बाह्या

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापायचं टेबल नावाला मालकीणबाईंचं होतं, खरं होतं लवंगीचं. लवंगी हे तिचं माघारी घ्यायचं नाव. तोंडावर सगळे ताई म्हणत, कारण तोंडावर दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. अंगानं मिरचीएवढी आणि तिखटपणाला तोड नाही. कापड वाकडं पसरलं, कुणी दार उघडं टाकलं, कुणी उगाच हसलं, की बाई कडाडलीच. कात्री मात्र अशी चालायची की एक घाव, दोन तुकडे. "नाकावर राग आहे, पण हात बघा हात," असं कोट शिवणारे म्हातारे काका म्हणायचे.

त्या रागातला निम्मा राग साखरेचा होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. लवंगीला शाळकरी वयापासून टाइप वन डायबिटीस. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून प्रत्येक जेवणाआधी ते टोचून घ्यायचं. अंदाज थोडा चुकला की साखर खाली जाते, हात थरथरतो, डोक्यात धुकं होतं, आणि समोर जो असेल त्याच्यावर माणूस उखडतं. आईनं पहिल्याच सुईच्या वेळी बजावलं होतं, "चारचौघांत सुई काढायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." आई गेली, मूठ तशीच झाकलेली राहिली. इन्सुलिनचं पेन मोडक्या बटणांच्या डब्यात असायचं. जेवायच्या सुट्टीत लवंगी मागच्या खोलीत कापडाच्या ताग्यांआड जाऊन पोटात टोचून यायची. साखर उतरली तर लागणाऱ्या ग्लुकोजच्या गोळ्या तिनं खडूच्या डब्यात ठेवल्या होत्या. पांढऱ्या, चपट्या, शिंप्याच्या खडूत मिसळून जाणाऱ्या. हात थरथरला की खडू शोधल्यासारखं करून एक तोंडात टाकायची. ताकाला जाऊन भांडं लपवावं ते किती वर्षं? पण लपवलं होतं खरं.

मग मालकीणबाईंनी कापड आखायला एक नवी पोरगी आणली. एका जागी स्थिर नाही, बोलणं थांबत नाही, म्हणून दुपारपर्यंत तिचं नाव भिंगरी पडलं. तिनं बाही वर सरकवून दंडावरचं वाटोळं यंत्र सगळ्यांना दाखवलं. "हे माझ्या साखरेवर नजर ठेवतं. मला टाइप वन आहे. मी कधी पांढरीफटक दिसले, तर घाबरू नका, आधी रस पाजा." एवढं बोलून, डबा उघडून, सगळ्यांदेखत पोटात सुई टोचून जेवायला लागली.

लवंगीचा घास हातातच राहिला.

तिला वाटलं, आता लोक नाकं मुरडतील. कसलं काय! काकांनी स्वतःची उशी भिंगरीच्या खुर्चीवर ठेवली. मालकीणबाई, ज्या आजारपणाची रजा द्यायची तर तोंड कडू करायच्या, त्या तिच्यासाठी रसाची बाटली आणून ठेवू लागल्या. ते दंडावरचं यंत्र वाजलं की सगळं काम थांबायचं. "बस गं पोरी," "पंखा लावा रे." लवंगीच्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. हिला रस, हिला उशी, आणि मला? मी रात्र रात्र घाम पुसत जागी राहिले, सकाळी येऊन ताठ उभी राहून कोट कापले, तेव्हा कुणी खुर्ची तरी सरकवली का? कुणी सरकवणार कसं, त्यांना माहीतच नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण हेवा काही कळण्याचं ऐकत नाही. ती भिंगरीला पाण्यात पाहू लागली. तिची रेघ जाड, तिचं हसणं मोठं, तिचं यंत्र कर्कश.

आणि वर एक नवीच पंचाईत झाली. आजवर कारखान्यात खडू कोणता आणि गोळी कोणती हे ओळखणारं कुणी नव्हतं. आता टेबलापलीकडेच बसलं होतं.

नाटकवाल्यांचा निळ्या मखमलीचा कोट आला तो दिवस असाच. मखमल घसरते, म्हणून दुहेरी घडीवर कापत नाहीत. एकेरी पसरायची, कागदाचा साचा ठेवून एक बाही आखायची, मग साचा पालथा करून दुसरी. भिंगरीनं एक बाही आखली आणि तिचं यंत्र वाजलं. झालं! सगळे धावले. कुणी रस ओतला, कुणी वारा घातला, मालकीणबाईंनी तिला धरून खिडकीशी नेऊन बसवलं.

त्याच वेळी लवंगीच्या बोटांना कंप सुटला होता. मानेवर घाम आला होता. खडूचा डबा हाताशी होता, पण भिंगरीचं तोंड तिच्याकडेच होतं. हिच्यासमोर गोळी तोंडात टाकायची? मरेन, पण नाही. तेवढ्यात मालकीणबाई वळून म्हणाल्या, "तुझं काय गं तोंड वाकडं? पोरीला बरं नाही, जरा माणुसकी दाखव."

तळपायाची आग मस्तकात गेली. लवंगीनं साचा ओढला, ठेवला, दुसरी बाही आखली आणि कात्री चालवली. एक घाव, दोन तुकडे.

संध्याकाळी काकांनी बाह्या जोडायला घेतल्या आणि हातात धरून बघतच राहिले. दोन्ही डाव्या होत्या. साचा पालथा केलाच नव्हता.

मालकीणबाईंनी वेळ लावला नाही. "आखताना पोरीची साखर उतरली होती ना! तिचा काय दोष? पण पोरी, तुला आता आखायचं काम नको. तू आपली बटणं लाव, बसून." आवाजात एवढी माया होती की भांडायचीही सोय नव्हती. भिंगरी तरी भांडायला उठली. "मी एकच..." म्हणाली, आणि थांबली. तिला आठवत नव्हतं. साखर उतरली की ती घटकाच पुसून जाते. चेहरा लाल झाला, आवाज चढला, तशी मालकीणबाई म्हणाल्या, "बघ, चिडायला लागलीस. साखर बघ आधी."

लवंगी तिथंच उभी होती. एक वाक्य पुरलं असतं, पण तिनं कात्री पुसायला घेतली. आणि खोटं कशाला बोला, मनातून एक गारवाही सरकला: घे उशी, घे रस.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत लवंगी ताग्यांआड पोटात सुई टोचून उभी असताना भिंगरी आत आली. लवंगीनं पेन झाकायची धडपड केली.

"राहू द्या ताई. मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तुमच्या डब्यातला खडू घेतला, तो कापडावर उमटेना. मी चाटून बघितला."

"मग बोलली नाहीस ती?"

"मी का बोलू? तुमची गोष्ट, तुम्ही सांगाल." भिंगरीचे डोळे रडून सुजले होते. "ताई, मला एक खरं सांगा. ती दुसरी बाही मीच आखली का हो? रात्रभर आठवतेय. धुकंच आहे सगळं. तुम्हाला तर ठाऊक आहे ते कसं असतं."

ठाऊक होतं. स्वतःच्याच हातानं काय केलं हे दुसऱ्याला विचारायची पाळी येते, त्याच्याएवढी लाज दुसरी नाही.

भिंगरी ताग्याला टेकून बोलत राहिली. "तुमचा मला फार हेवा वाटतो."

"माझा?"

"तुम्ही चिडलात की लोक घाबरतात. तुम्ही चुकलात तर ती चूक तुमची. मी चिडले की साखर बघ, रडले की साखर बघ, हसले तरी बघ. माझं म्हणून काही उरलंच नाही. आता कामही गेलं. मीही आधीपासून लपवायला हवं होतं, तुमच्यासारखं."

लवंगी पेन बटणांच्या डब्यात टाकून ताग्यावर बसली. इतके दिवस ही जिच्यावर जळत होती, ती हिच्यावर जळत होती. म्हणजे दोघींच्या वाट्याला एकेक डावी बाहीच आली होती, उजवी कुणालाच नव्हती.

"तू नाही आखलीस," ती म्हणाली. "मी आखली. माझीही साखर उतरली होती. तुझ्यासमोर गोळी खायची नव्हती मला. तुझ्यावर जळत होते मी."

"फार वाईट वागलात," भिंगरी म्हणाली.

"हो."

लवंगी उठली आणि बटणांचा डबा घेऊन बाहेर आली. सगळ्यांसमोर टेबलावर तो ओतला. बटणांतून पेन निघालं, सुया निघाल्या, तपासायचं यंत्र निघालं. "मलाही टाइप वन आहे. ह्या पोरीच्या वयाच्याही आधीपासून. बाही मी बिघडवली आणि काल गप्प बसले. पोरीचा काही संबंध नाही."

मालकीणबाईंनी आ वासला, मग डोळ्यांना पदर लावला. बोलणी बसतील म्हणून लवंगी तयार होती, ती बसलीच नाहीत. काकांनी खुर्ची सरकवली. कुणीतरी रस आणला. "इतकी वर्षं एकटीनं सोसलंस गं!" लवंगीला ते आवडलं. वर्षानुवर्षांची भूक होती ती, दुपारभर तिनं ती भागवून घेतली.

सकाळी आली, तर मखमलीचा नवा तागा टेबलावर आणि कात्री काकांच्या हातात.

"तू बसून नुसतं सांग," मालकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुझ्या जिवाला त्रास नको. ह्यापुढं काकाच कापतील."

"काका?" लवंगीचा आवाज छताला लागला. "काकांना जवळचं दिसत नाही! मखमलीच्या चिंध्या करायच्यात का तुम्हाला? चूक एकदा झाली, ती माझी, भरून मी देईन. पण ह्या टेबलाला दुसऱ्याचा हात लागला तर बघा!"

काका जपून पुढं झाले, आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "ताई, साखर बघता का जरा?"

बटणांच्या कोपऱ्यात भिंगरीनं ओठ दातांत धरला.

लवंगीनं टेबलाच्या मधोमध यंत्र ठेवलं, बोटाला टोचलं, थेंब लावला. यंत्रावर आकडा आला: एकशे बारा. तिनं ते उचलून चहूकडे फिरवून दाखवलं.

"साखर जागेवर आहे. हा राग माझा आहे, अस्सल. द्या इकडे कात्री. आणि हिला बटणांवरून उठवा. आखायला मला हीच हवी."

भिंगरी आली. मखमल पसरली, पहिली बाही आखली, साचा पालथा केला आणि लवंगीला दाखवून मग दुसरी आखली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मागं मालकीणबाईंनी काकांना हळूच विचारलं, "काय हो, साखर खरंच ठीक आहे का तिची?"

"ठीक आहे."

"मग हे काय होतं?"

"हे काही नाही," काका म्हणाले. "ती अशीच आहे."

लवंगीनं ते ऐकलं आणि कात्री चालवली.