पाठ झालेला उतारा

रेणुकाचा नवरा नागसेन वारला त्याला चार वर्षं झाली. त्याच्या जागी तिला अनुकंपेवर लिपिकाची नोकरी मिळाली, पण अटीवर: ठरल्या मुदतीत मराठी टंकलेखनाची परीक्षा पास व्हायची. मिनिटाला तीस शब्द. ती दोनदा नापास झाली. मुदतवाढही संपत आली. आठ दिवसांवर आलेली परीक्षा शेवटची. ती गेली की नोकरी गेली, असं तिला लेखी कळवलं होतं.

सोनपेठात सूर्यभान सरांचा जुना टंकलेखनाचा वर्ग होता. यंत्रं जाऊन संगणक आले, शिकवणं तेच राहिलं. रेणुकाची अडचण सरांना पहिल्याच दिवशी कळली. नोकरीआधी तिनं वीस वर्षं कापूस वेचला होता. बोंडावर हात गेला की पाची बोटं एकदम मिटायची, आणि त्या कामात गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. इथं तेच आडवं येत होतं. करंगळीनं कळ दाबायला गेली की शेजारचं बोट आधी खाली जायचं.

खाली बघू नये म्हणून सर तिच्या हातांवर खिशातली दस्ती, रुमाल, टाकायचे. "कापूस न्हाई वेचायचा ताई. एकेक बोट."

"एका घरात वाढलेली हायेत सर. येगळं निघा म्हणलं तर लगेच निघतेत का?"

तिला धीर यावा म्हणून सरांनी एकच उतारा धरला. धरणांची माहिती, दोनशे दहा शब्द, सात मिनिटं. रोज कार्यालय सुटल्यावर तोच. अकरा, सोळा, बावीस, दिवाळीनंतर तीस. चौतीस झाले त्या दिवशी सरांनी अख्ख्या वर्गाला चहा पाजला.

सोमवारी तो कागद प्रियांका नावाची दुसरी विद्यार्थिनी चुकून घरी घेऊन गेली. सरांनी फाइलीतून दुसरा उतारा काढून दिला. सात मिनिटं संपल्यावर त्यांनी शब्द मोजले, चुका वजा केल्या, पुन्हा मोजले. अठरा. आणखी एक उतारा दिला. सतरा. मग त्यांनी धरणांचा उतारा कागदाशिवाय मारायला सांगितला. तिनं तो तेहेतीसच्या वेगानं मारला, एकही चूक न करता.

बोटांना कळा सापडत नव्हत्या, फक्त तो उतारा पाठ झाला होता. हे सांगायची गरज उरली नाही.

"चूक माझी हाय," सर म्हणाले. "रोज नवा द्यायला पायजे होता."

"किती दिवस लागतील? खरं सांगा."

"रोज दोन तास बसलात तर पाच-सहा महिने."

ती रोज येत राहिली. सर रोज नवा उतारा देत. पण आता प्रत्येक कळेआधी तिला शंका यायची, आणि दस्तीखाली बोटं पुन्हा एकदम मिटायची. सतराचे सोळा झाले. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी मोबाइलवर वेळ लावलीच नाही. आज नुसतं बसा, म्हणाले.

"लावा सर," रेणुका म्हणाली.

त्यांनी लावली. पंधरा शब्द झाले. तिनं संगणक बंद केला, पर्स उचलली आणि उद्या केंद्रावर किती वाजता पोचायचं ते विचारून घेतलं.